मुक्काम तीनच ठेवा: घरच्या दहा-बारा जणांना घेऊन श्रीलंका

छापील टूरच्या कागदावर आठ दिवसांत सहा हॉटेलं असतात. सकाळी सातला बॅगा दाराबाहेर, साडेसातला नाश्ता, आठला बस. नवरा-बायको दोघंच असतील तर हे चालून जातं. पण सत्तरीची आई, गुडघे धरलेले बाबा, दोन भावांची कुटुंबं, लेक-जावई आणि चार पोट्टे घेऊन निघालात, तर तिसऱ्या दिवशी कोणाची ना कोणाची चिडचिड ठरलेलीच. दहा-बारा जणांची आंघोळ, औषधं आणि सामान आवरायला रोज दोन तास जातात. म्हणजे आठ दिवसांतला जवळपास एक अख्खा दिवस बॅगा भरण्यातच संपला.

त्यापेक्षा बिऱ्हाड दोन-तीनदाच हलवावं. एका ठिकाणी स्वयंपाकघर असलेलं घर तीन-चार रात्रींसाठी घ्यायचं आणि तिथून सकाळी निघून संध्याकाळी परत यायचं. ज्याला यायचं तो येईल, ज्याला झोपायचं तो झोपेल. ही पद्धत व्हिएतनामला चालते, स्वित्झर्लंडलाही चालते. पण विदर्भातल्या गावाहून पहिल्यांदाच सगळं घर परदेशी निघत असेल, तर मी श्रीलंका सुचवेन. चेन्नईहून विमान दीड तासाच्या आत कोलंबोत उतरतं. घड्याळ बदलावं लागत नाही, तिथली वेळ आपलीच. गाड्या डाव्या बाजूने चालतात, आणि रोज भात-वरण मिळतं. शिवाय अनुराधपूरचा बोधिवृक्ष आणि कँडीचा दंतधातू, म्हणजे बुद्धांचा दात, तिथे आहे. ज्यांच्या घरची माणसं दरवर्षी दीक्षाभूमीवर जातात, त्यांना या नावांचं मोल वेगळं सांगायला नको. खुद्द बाबासाहेब 1950 साली तिथल्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते.

आधी तारखा

देश ठरवण्याआधी तारखा ठरवा, आणि त्या कास्तकाराच्या कॅलेंडरवर ठरवा. दिवाळीच्या सुट्ट्या शहरातल्या भावाला सोयीच्या वाटतात. पण तेव्हा सोयाबीन नुकतंच निघालेलं असतं, पराटी, म्हणजे कपाशी, फुटलेली असते आणि वेचायला बाया मिळवण्यावरून गावात ओढाताण चाललेली असते. जानेवारीत तूर, फेब्रुवारी-मार्चमध्ये हरभरा आणि गहू. खरी मोकळीक एप्रिलच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत. त्यातही मेच्या शेवटच्या आठवड्यात बियाणं-खताची धावपळ सुरू होते. शाळांचे निकाल 1 मेच्या आसपास लागतात आणि विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे मेचे पहिले तीन आठवडे आपले.

अडचण एकच, लग्नसराई. घरातल्या सगळ्या बायकांना एकत्र बसवा आणि माहेर-सासरच्या दोन्हीकडच्या तिथी एका कागदावर लिहून काढा. हे काम जानेवारीत, संक्रांतीला सगळे जमतील तेव्हाच उरकून घ्या. पुतणीच्या नणंदेचं लग्न एप्रिलमध्ये अचानक आठवलं की विमानाची तिकिटं बुडतात.

मे महिन्यात श्रीलंकेचा कोणता भाग गाठायचा, हेही तारखेवरच ठरतं. नैऋत्य मोसमी पाऊस तिथे मेच्या उत्तरार्धात येतो. गॉल, मिरिस्सा, बेंटोटा हा दक्षिण-पश्चिम किनारा तेव्हा खवळतो आणि लाल बावटे लागतात. जाहिरातींतले फोटो बहुतेक याच किनाऱ्यावरचे, डिसेंबर ते मार्चमध्ये काढलेले. त्याच वेळी पूर्वेचा त्रिंकोमाली-निलावेलीचा समुद्र मात्र शांत आणि निळा असतो. म्हणून मेमध्ये पूर्व किनारा धरा. एप्रिलमध्ये जाणारच असाल तर 13-14 एप्रिलचे दिवस टाळा. तेव्हा त्यांचं नववर्ष असतं, दुकानं बंद राहतात आणि नुवारा एलियासारख्या थंड गावी खोली मिळत नाही. मेमधली वेसाक, म्हणजे बुद्ध पौर्णिमा, मात्र बघण्यासारखी असते. रस्तोरस्ती कागदी कंदील लागतात, जागोजागी फुकट जेवणाचे मांडव पडतात. फक्त तेव्हाच्या खोल्या फार आधी धरून ठेवाव्या लागतात, आणि पौर्णिमेला दारूविक्री बंद असते हे काकांना आधीच सांगून ठेवा.

पासपोर्ट: खरा वेळ इथेच जातो

मेमध्ये निघायचं तर पासपोर्टचं काम दसरा-दिवाळीला सुरू करा. कारण सरकारी दिरंगाई नाही, आपली नावं. आजीच्या आधारवर ‘शेवंता’, बँकेत ‘शेवंताबाई’, आणि जन्मतारीख सगळीकडे 1 जानेवारी किंवा 1 जून. बाबांच्या टीसीवर आडनाव आहे, आधारवर नाही. सुनेचं आधार अजून माहेरच्या नावाचं. आधी प्रत्येकाचं आधार, पॅन आणि टीसी किंवा जन्मदाखला शेजारी-शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. आधार दुरुस्त करायचं तर ते आधी करा, मगच अर्ज भरा. 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळासाठी जन्मदाखलाच लागतो, दुसरा पुरावा चालत नाही. ग्रामपंचायतीतून तो काढताना आई-वडिलांच्या नावाचं स्पेलिंग त्यांच्या पासपोर्टसारखंच आहे ना, ते तिथेच उभं राहून तपासा.

मोठ्या माणसाच्या 36 पानी पासपोर्टची फी 1500 रुपये, अठरा वर्षांखालच्यांची 1000. नव्या पासपोर्टसाठी आठ वर्षांखालील मुलांना आणि साठीवरच्यांना दहा टक्के सूट आहे. तत्काळला 2000 वर. अर्ज सरकारी संकेतस्थळावर स्वतः भरता येतो. काही जिल्ह्यांच्या मोठ्या पोस्टातही पासपोर्ट सेवा केंद्र असतं, म्हणून अपॉइंटमेंट घेताना नागपूरबरोबर तेही बघा. मग पोलीस पडताळणी. जमादाराचा फोन आला की माणूस गावात हवा. शिक्षणासाठी पुण्यात असलेल्या मुलाने पत्ता गावचा द्यायचा की पुण्याचा, हे आधीच ठरवा. तो गावी सापडला नाही तर अहवाल उलटा जातो.

एका शिक्क्यावरून गावात उगाच घबराट होते. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते असा शेरा, येतं आणि मग कोणीतरी सांगतं, ‘याच्यावर बाहेर जाता येत नाही.’ तसं काही नाही. तो नियम ठरावीक देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी आहे. श्रीलंका त्या देशांत नाही आणि फिरायला जाणाऱ्याला त्याची आडकाठी नाही. पन्नाशीवरच्यांना तो लागूही होत नाही.

प्रवासाच्या तारखेपासून पुढे निदान सहा महिने पासपोर्ट चालू हवा. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, तो नेमका संपलेला निघतो. श्रीलंकेच्या प्रवेश परवानगीला ईटीए म्हणतात. ती ऑनलाइन मिळते आणि तिच्यावर 30 दिवस राहता येतं. तान्ह्या बाळासाठीही वेगळी लागते. फी आणि नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे निघण्याच्या महिनाभर आधी श्रीलंका सरकारच्याच संकेतस्थळावर जाऊन बघा. गुगलवर सगळ्यात वर दिसणारी अर्धी दुकानं मध्यस्थांची असतात आणि तीच गोष्ट दुप्पट पैशात विकतात.

मुक्काम कुठे टाकायचे

नकाशा उघडा. ज्या जागा बघायच्याच आहेत त्यांवर टिंबं करा, आणि टिंबांचा घोळका जिथे दिसेल तिथे मुक्काम. एका मुक्कामाहून कुठलंही ठिकाण दीड-पावणेदोन तासांपेक्षा लांब नको. एखादं टिंब एकटंच दूर राहिलं, तर सरळ खोडून टाका. एला, याला, जाफना ही सगळी चांगली ठिकाणं आहेत, पण या फेरीतली नव्हेत. ज्याला वाईट वाटेल त्याला वाटू द्या.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. समृद्धीवर हात बसलेला असतो, त्यामुळे 160 किलोमीटर म्हटलं की आपण दीड तास धरतो. तिथे बहुतेक रस्ते दुपदरी, मधून गावं, रिक्षा आणि शाळेची पोरं. तासाला 35 ते 40 किलोमीटर धरा. विमानतळ ते हबरना साधारण 160 किलोमीटर आहे, त्याला चार तास लागतात.

या हिशोबाने मेसाठी माझी मांडणी अशी आहे. विमान संध्याकाळी उतरत असेल तर पहिली रात्र विमानतळाजवळच्या नेगोंबोला. मग हबरना चार रात्री, त्रिंकोमाली तीन, कँडी तीन, आणि परतीआधीची रात्र पुन्हा नेगोंबो. नेगोंबोच्या रात्रींना मी मुक्काम धरत नाही. तिथे मोठ्या बॅगा उघडायच्याच नाहीत. प्रत्येकाचा एक जोड कपडा आणि ब्रश वेगळ्या पिशवीत ठेवला की झालं.

हबरनाच का? डंबुल्ला मोठं आहे, सिगिरिया प्रसिद्ध आहे. पण हबरना तिठ्यावर आहे. सिगिरिया 15, डंबुल्ला 24, पोलोन्नरुवा 45 आणि अनुराधपूर 60 किलोमीटरच्या आसपास, आणि त्रिंकोमालीचा रस्ता तिथूनच सुटतो. प्रसिद्ध गावाऐवजी तिठ्याचं गाव निवडलं की घर स्वस्त पडतं आणि रोजची फेरी आखूड होते.

घर घेताना काय विचारायचं

फोटोत पोहण्याचा तलाव दिसतो, जिना दिसत नाही. चार खोल्यांचं घर बघताना आधी विचारा की तळमजल्यावर किती खोल्या आणि तिथे संडास-बाथरूम आहे का. कमोड हवाच, निदान दोन. चार माणसांमागे एक बाथरूम हे माप धरा, नाहीतर सकाळी रांग लागते आणि सहलीची भांडणं बहुतेक त्या रांगेतच सुरू होतात. मिनीबस दारापर्यंत येते की अर्धा किलोमीटर अलीकडे थांबते? ड्रायव्हरला झोपायला जागा आहे का? मोठी हॉटेलं ती देतात, घरगुती जागा बरेचदा देत नाहीत. मच्छरदाण्या किती आहेत, डेंग्यू तिथेही असतो. एसी सगळ्या खोल्यांत आहे की एकाच? पारा तिथे पस्तिशीच्या आसपास, पंचेचाळीस सोसणाऱ्यांना तो थंडच वाटेल. पण दमटपणाची सवय आपल्याला नसते. घामाने बनियन अंगाला चिकटलं की बाबा सगळ्यांवर वैतागतात.

बऱ्याच घरांबरोबर स्वयंपाकी मिळतो. किराण्याचे पैसे वेगळे की आत, ते लिहून घ्या. आणि मालकाकडून व्हिडिओ कॉलवर रस्त्यापासून दारापर्यंत, दारापासून पलंगापर्यंत चालून दाखवायला सांगा. दोन मिनिटांचं काम. जो टाळाटाळ करतो त्याचं घर सोडून द्या. घरं फेब्रुवारीत धरा, पण मोफत रद्द करता येतील अशीच, आणि ती शेवटची तारीख घरातल्या दोघांच्या मोबाइलवर लावून ठेवा.

गावापासून कोलंबोपर्यंत

नागपूरहून कोलंबोला थेट विमान नाही. मुंबई, हैदराबाद, बेंगळुरू किंवा चेन्नई गाठावं लागतं. दहा-बारा जण असतील तर चेन्नईपर्यंत रेल्वे परवडते. दिल्ली-चेन्नई मार्ग नागपूर-बल्लारशाहवरूनच जातो. यवतमाळ-वर्ध्याकडच्यांनी सेवाग्रामला, चंद्रपूर-गडचिरोलीकडच्यांनी बल्लारशाहला थांबणारी गाडी बघावी, नागपूरला उलटं जायची गरज नाही. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि मेच्या गाड्या पटकन भरतात. एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात. आई-बाबांचं तिकीट दोघांपुरतंच वेगळं काढलं तर ज्येष्ठांच्या कोट्यातून खालचा बर्थ मिळण्याची शक्यता वाढते.

गाडी पोचेल त्याच दिवशीचं विमान धरू नका. चेन्नईत एक रात्र काढा. मेमध्ये रेल्वे चार तास उशिरा धावली तर त्यात कोणालाच नवल वाटत नाही.

विमानाचं ऑनलाइन तिकीट एका वेळी नऊ जणांचंच निघतं. म्हणून दोन गट करा आणि प्रत्येक गटात एक धडधाकट, इंग्रजी वाचता येणारं माणूस ठेवा. सगळे म्हातारे एका गटात आणि सगळे तरुण दुसऱ्या, असं होऊ देऊ नका. एका विमानात काही घोळ झाला तर गट वेगळे होतात. व्हीलचेअर फुकट असते, तिकीट काढताना किंवा निदान दोन दिवस आधी सांगावी लागते. ‘मला काय धाड भरली’ म्हणून बाबा नाही म्हणतील. तरी सांगून ठेवा. विमानतळावरचं चालणं आणि इमिग्रेशनची रांग बघितली की ते स्वतःच बसतात.

गाडी एकच, ड्रायव्हर एकच

सगळ्या प्रवासासाठी एक गाडी आणि एक ड्रायव्हर ठेवा. सात-आठ जणांना तिथली ‘केडीएच’ व्हॅन पुरते. दहाच्या वर असाल तर कोस्टरसारखी मिनीबस घ्या, कारण आसनं भरली तरी बॅगांना जागा लागते. भाव ठरवताना रोजचे किलोमीटर, पेट्रोल-डिझेल, टोल, पार्किंग, ड्रायव्हरचं जेवण-झोपणं आणि रिकामी परत जाण्याचा खर्च हे सगळं आत आहे का, ते मेसेजवर लेखी घ्या. ड्रायव्हर दुकानात घेऊन जाईल, मसाल्याच्या बागेत नेईल, रत्नांच्या दुकानात तर नक्कीच. पहिल्याच दिवशी हसत सांगून टाका की आम्हाला खरेदी शेवटच्या दिवशी एकदाच करायची आहे.

मुक्कामाच्या पद्धतीत एक दिवस गाडी रिकामीच उभी राहते. तो पैसा वाया गेला असं कोणीतरी म्हणेलच. पण त्या दिवशी ड्रायव्हर झोपतो आणि पुढचे पाच तास तो जागेपणी गाडी चालवतो.

प्रत्येक मुक्कामी दिवस कसे लावावेत

सकाळी एक मोठं काम, दुपारी घरी जेवण आणि झोप, संध्याकाळी हलकं काहीतरी. याहून जास्त कोंबू नका.

हबरनाला सिगिरियापासून सुरुवात करा. पाचव्या शतकात राजा काश्यपाने ज्या कातळावर महाल बांधला, तो चढायला साधारण 1200 पायऱ्या आहेत. तिकीटघर उघडायच्या वेळीच पोचा. ज्यांना चढायचं नाही त्यांनी खालच्या बागा आणि संग्रहालय बघावं. पाण्याचे हौद आणि कारंज्यांची व्यवस्था बघून बाबांना वर न गेल्याचं काही वाटणार नाही. सिगिरिया, पोलोन्नरुवा, अनुराधपूर इथे सार्क देशांच्या नागरिकांना इतर परदेशी लोकांपेक्षा कमी तिकीट आहे. त्यासाठी मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो, मोबाइलमधला फोटो चालेलच असं नाही. त्या दिवशी एकाच जबाबदार माणसाने सगळे पासपोर्ट एका पाऊचमध्ये गळ्यात अडकवून न्यावेत.

अनुराधपूर बौद्ध घरांसाठी या प्रवासाचं काळीज आहे. बोधगयेच्या वृक्षाची फांदी सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा हिने इसवी सन पूर्व तिसऱ्या शतकात इथे आणली. त्याच वृक्षाला लोक आज पांढरे कपडे घालून, हातात कमळं घेऊन वंदन करतात. तिथे दुपारी जाऊ नका. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि रुवनवेलीसेया स्तूपाच्या भोवतीची फरशी अशी तापते की लहान लेकरं कडेवर घ्यावी लागतात आणि मोठी माणसं सावलीच्या पट्ट्यांवरून उड्या मारत जातात. जाड मोजे घालून चालता येतं, प्रत्येकाचा एक जोड पिशवीत असू द्या. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. सेल्फी म्हणजे नेमकं तेच, म्हणून पोट्ट्यांना गाडीतच बजावून ठेवा. हा तिथे गंभीर अपमान समजला जातो आणि पोलीस हस्तक्षेप करतात. संघमित्रेचा भाऊ महेंद्र आणि तिथला राजा देवानंपिय तिस्स यांची भेट झाली ते मिहिंतले जवळच आहे, पण पायऱ्या खूप. दोन्ही एकाच दिवशी करायचं तर मिहिंतले पहाटे घ्या.

पोलोन्नरुवाचा कातळात कोरलेल्या बुद्धमूर्तींचा गल विहार, एका संध्याकाळी मिनेरियाकडे हत्तींसाठी जीप, आणि डंबुल्लाच्या पाच गुहा, एवढं चार रात्रींत आरामात बसतं. ताडोबा बघितलेल्यांनी वाघाचा विषय काढू नये, श्रीलंकेत वाघ नाही. हत्ती मात्र रस्त्यावरही येतात. हबरना-त्रिंकोमाली रस्ता अंधार पडायच्या आत संपवा. गडचिरोलीकडच्यांना हत्ती रस्त्यात आला म्हणजे काय, ते आता समजावून सांगावं लागत नाही.

त्रिंकोमाली म्हणजे विश्रांती. कड्यावरचं कोणेश्वरम, सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलेलं आणि पुढे पुन्हा उभारलेलं शिवमंदिर, वाटेत किल्ल्यात फिरणारी हरणं, आणि कन्नियाच्या सात गरम पाण्याच्या विहिरी. उनकेश्वरचे गरम झरे बघितलेल्या आजी तिथे तपासणी केल्यासारखं प्रत्येक विहिरीत हात घालून बघतील. बाकी निलावेलीचा समुद्र. आपल्याकडच्या बहुतेकांना विहिरीत पोहता येतं, समुद्रात नाही. लाट ओढते हे त्यांना माहीत नसतं. पोहणाऱ्यांमागे काठावर एक माणूस नुसता बघत बसलेला हवा, आणि त्याच्या हातात मोबाइल नको.

कँडीला दंतधातूच्या मंदिरात दिवसातून तीनदा पूजा होते, पहाटे साडेपाच, सकाळी साडेनऊ आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास. प्रत्यक्ष दंतधातू दिसत नाही, सोन्याच्या करंडकाचं दर्शन होतं. आजीला हे आधी सांगा, म्हणजे रांगेत तासभर उभं राहिल्यावर हिरमोड होत नाही. दुसरा दिवस पेरादेनियाच्या वनस्पती उद्यानाला. बागायतदार माणूस तिथून लवकर निघत नाही. तिसरा दिवस, लांबच्या फेरीचा एकच अपवाद म्हणून, चहामळ्यांतल्या रेल्वेला, कँडी ते नानू ओया, चार तासांच्या आसपास. आरक्षण 30 दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर 2025 मधल्या दितवा चक्रीवादळाने या डोंगरी मार्गाचं मोठं नुकसान केलं, त्यामुळे कोणत्या टप्प्यात गाडी धावते ते विचारूनच बेत करा. नसेल तर मिनीबसने जाऊन चहाचा कारखाना बघा. रेल्वेत बसायचं असेल तरी मिनीबस नानू ओयाला पुढे पाठवून द्या आणि परत रस्त्याने या.

जेवण

भात आणि भाज्या तिथे मुबलक. परिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातलं मसुरीचं वरण, पोळ संबोल म्हणजे ओल्या नारळाची तिखट चटणी. ठेचा खाणाऱ्याला ती लगेच आवडते. पण शाकाहारी माणसाने सावध राहावं. संबोलात आणि कधी भाजीतही सुक्या मासळीचा चुरा घालतात आणि तो दिसत नाही. सिंहलीत ‘माळु एपा’, तमिळमध्ये ‘मीन वेण्डाम’, मासे नकोत, हे दोन शब्द सगळ्यांकडून पाठ करून घ्या. त्रिंकोमाली आणि कँडीत तमिळ शाकाहारी खानावळी मिळतात.

चौथ्या दिवशी मात्र नारळाला घर कंटाळतं. म्हणून मुक्कामाच्या घरी रात्रीचं जेवण आपलं. पाच लिटरचा कुकर, तूरडाळ, ज्वारीचं पीठ, तिखट-हळद-मीठ, सावजी मसाला, एवढं मोठ्या बॅगेत बसतं. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत, त्या काढून ठेवा. लोणचं आणि ठेचा हातातल्या बॅगेत नको, तिथे अडवतात. घट्ट झाकून मोठ्या बॅगेत ठेवा. पॉवर बँक उलट हातातल्या बॅगेतच. ताजी संत्री, भाजी, बियाणं नेऊ नका. स्वयंपाकाचे दिवस पुरुषांनाही वाटून द्या. नाहीतर बायकांच्या दृष्टीने फक्त चूल बदलली, सुट्टी काही झाली नाही.

पैसा

घरात कटुता येते ती इथे, म्हणून तिकिटांआधी हे उरका. खर्चाच्या तीन वह्या करा. विमान, रेल्वे, ईटीए आणि विमा ज्याचा त्याने. घर आणि गाडी कुटुंबावर, पण खोल्यांच्या हिशोबाने. दोन खोल्या वापरणाऱ्या भावाने दोन भरायच्या. किराणा, जेवण आणि तिकिटं माणशी, बारा वर्षांखालच्यांचा अर्धा वाटा, तान्ह्याचा शून्य. आई-बाबांचा वाटा सगळ्या भावंडांनी, बहिणीसकट, सारखा उचलायचा की एकानेच, हे तोंडावर बोलून ठेवा. कापसाचे पैसे हाती येतात ते जानेवारी ते मार्च. विमान आणि घरांचे हप्ते तेव्हाच भरायचे, म्हणजे मेमध्ये पेरणीच्या पैशाला हात लागत नाही. घरातल्या घरात वर्षभराची भिशी लावली तर आणखी सोपं.

तिथे आपल्या एका रुपयाचे तीन-साडेतीन श्रीलंकन रुपये मिळतात, म्हणून बिलाचे आकडे बघून दचकू नका. यूपीआय तिथे फेब्रुवारी 2024 पासून चालतं, पण बैलगाडीची फेरी, नारळपाणी, देवळाची चप्पल-जागा यांना रोख लागतेच. थोडे डॉलर न्या आणि विमानतळावरच्या बँकेच्या खिडकीत बदला. भारतीय नोटा माणशी 25,000 रुपयांपर्यंतच बाहेर नेता येतात. एजंटकडून सगळं पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आधीच वसूल केलेला आयकर, कापला जातो. तो बुडत नाही, विवरणपत्रात वळता होतो, फक्त पावती पॅनसकट घ्या.

औषधं, विमा, आणि मागे राहिलेलं घर

बीपी-शुगरच्या गोळ्या जेवढे दिवस लागतील त्याहून आठवडाभराच्या जास्त. निम्म्या आजीजवळ, निम्म्या सुनेजवळ. चिठ्ठी डॉक्टरांकडून औषधाच्या मूळ नावाने लिहून घ्या, कंपनीचं नाव तिथे चालेलच असं नाही. प्रवास विमा घेताना जुने आजार लपवू नका. लपवलं की नेमका तोच दावा फेटाळला जातो. तिथे 1990 वर मोफत रुग्णवाहिका येते. ती सेवा 2016 साली भारताच्या मदतीने सुरू झाली. पर्यटक पोलीस 1912. दोन्ही क्रमांक मुलांच्याही मोबाइलमध्ये टाका आणि घराचा पत्ता सिंहलीत लिहिलेलं मालकाचं कार्ड प्रत्येकाच्या खिशात ठेवा.

वावराकडे कोण बघणार, हे सालदाराला आठ दिवस आधी नव्हे, महिनाभर आधी सांगा. मृग बहाराची संत्र्याची बाग तेव्हा ताणावर, म्हणजे पाणी तोडलेली, असते, तिला बघावं लागत नाही. आंबिया बहार धरला असेल तर रोज ड्रिप चालवावं लागतं, आणि मेमध्ये लाइट कोणत्या पाळीत येईल हे गावातल्याच माणसाला कळतं. म्हशीच्या दुधाचा रतीब कोण घेईल, वासराला कोण सोडेल, मोटर जळली तर कोणाला फोन, हे वहीत लिहून त्याच्यासमोर वाचा. आगाऊ पैसे आणि मेकॅनिकचा नंबर देऊन ठेवा. एखाद्याला मागे राहावंच लागलं तर पुढच्या वेळी त्याचा नंबर पहिला, हे सगळ्यांसमोर ठरवा.

परतीला नेगोंबोला रात्री सगळ्या बॅगा वजनकाट्यावर ठेवा, बारीक हातकाटा बरोबर असू द्या. चहा आणि दालचिनी घेतलेल्यांच्या बॅगा हमखास भरतात, लेकरांच्या हलक्या असतात, त्यांच्यात वाटा. चेन्नईहून परतीची रेल्वे विमान उतरण्याच्या दुसऱ्या दिवशीची ठेवा, आणि तिन्ही वह्यांचा हिशोब त्या गाडीतच, सगळे बर्थवर बसलेले असताना पुरा करा. गावात पोचलं की जो तो आपापल्या वावरात जातो आणि मग कोणी वही उघडत नाही.